फायबरला नथ घालणारी सुमनआक्का

सुमनआक्काचा तळहात मला आधी दिसला, चेहरा नंतर. बेळगावजवळ मच्छेच्या कारखान्यांना लागून आमचं इंजिनिअरिंग कॉलेज. तिथं पीएचडीला नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी मी प्रयोगशाळेचं दार धाडकन उघडून आत शिरले. समोर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून एक बाई बसल्या होत्या. वळून न बघता त्यांनी डावा हात मागं केला आणि तळहात उभा धरला, चौकातल्या पोलिसासारखा. मी होते तिथंच थांबले. मिनिट गेलं, दोन गेली. मग हात खाली आला आणि बाई म्हणाल्या, "आता सोड श्वास. आणि दार उघडताना मनात दहा आकडं म्हणत जा."

त्या बाईंचं नाव सुमन कांबळे. हुद्दा कंत्राटी प्रयोगशाळा सहायक. आठवडाभरात मी त्यांना आक्का म्हणायला लागले, महिन्याभरात अगंतुगं करायला लागले. ती मला पहिल्यापासून 'वैशाली' आणि 'गं' म्हणायची. पुढं तिनं मला 'मॅडम' म्हणायला सुरुवात केली. ते का, हे सांगण्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले आहे, पण आधी तिचं काम सांगते. काम कळल्याशिवाय आक्का कळणार नाही.

ऑप्टिकल फायबर म्हणजे काचेची तार, केसाहून जराशी जाड. घराघरांत इंटरनेट येतं ते तिच्यातून. आमचं काम त्या तारेच्या टोकाशी. टोक सपाट कापायचं आणि त्यावर सोन्याची जाळी बसवायची. जाळीची छिद्रं इतकी बारीक की आमच्या सूक्ष्मदर्शकातूनही एकेक वेगळं दिसायचं नाही, नुसता एक तांबूस चट्टा दिसायचा. अशा जाळीवर उजेड पडला की त्यातला एक ठरावीक रंग परत फिरतो, आणि जाळीला पाण्यातलं काही चिकटलं की तो रंग किंचित सरकतो. त्या सरकण्यावरून विहिरीच्या पाण्यात फवारणीच्या औषधाचा अंश किती आहे ते ओळखायचं, असा आमचा प्रकल्प होता. जाळ्या बंगळूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेतून चिपवर तयार होऊन यायच्या. त्या चिपवरून उचलून फायबरच्या टोकावर आणणं आमच्याकडे होतं. टोकाला गोंदाचा थेंब घ्यायचा, टोक जाळीवर टेकवायचं, झाकण लावून आतल्या जांभळ्या दिव्याखाली गोंद सुकवायचा आणि मग अलगद वर ओढायचं. जाळी सगळीच्या सगळी टोकाला चिकटून आली तर जिंकलं. मध्ये एक कण जरी आला तरी जाळी फाटायची.

आक्का याला नथ घालणं म्हणायची. आज दोन नथी घातल्या, आज एक फाटली, असा तिचा हिशोब. आमचे विभागप्रमुख देसाई सर मोठमोठ्या सभांत या कामाला भलं लांब इंग्रजी नाव देत, आणि परत आल्यावर आक्काला विचारत, "किती नथी झाल्या?"

तिचे हात बोरगावात तयार झाले होते. निपाणीजवळच्या त्या भागात घरोघरी विड्या वळतात. आक्काची आई वळायची, वहिनी वळायची, आणि आक्का शाळेतून आली की सुपापुढं बसायची. पान किती ओलं, चिमूट केवढी, दोरा किती आवळायचा, हे बोटांना कळतं, डोळ्याला नाही, असं ती सांगायची. पुढं तिनं निपाणीत आयटीआय केलं आणि टेलिफोनच्या केबली टाकणाऱ्या एका ठेकेदाराकडे फायबर जोडायला लागली. हायवेच्या कडेला चरात बसून, डोक्यावर छत्री बांधून. आमच्या कॉलेजची केबल जोडायला ती आली तेव्हा देसाई सर तिथं उभे राहिले, तिनं कापलेलं एक टोक उचलून आत घेऊन गेले, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि बाहेर येऊन तिला विचारलं, "आमच्याकडं येतीस काय?" ही गोष्ट सर दरवर्षी नव्या मुलांना सांगत आणि आक्का दरवर्षी कपाट आवरायचं निमित्त काढून निघून जाई.

शेजारच्या कारखान्यात लोखंड ठोकायचा एक प्रचंड हातोडा होता. तो पडला की आमचं टेबल थरथरायचं. टेबलाखाली रबर घाल, वाळूची पोती घाल, सगळं करून झालं होतं. आक्कानं त्या कारखान्याच्या वॉचमनशी कानडीतून ओळख काढली आणि कुठल्या पाळीत हातोडा किती वाजता थांबतो ते विचारून भिंतीवर लिहून ठेवलं. नथ घालायची ती तेवढ्या वेळात. साडेबाराला आवाज बंद झाला की ती म्हणायची, "हातोडा जेवायला गेला. चल." मग अर्धा तास आम्ही दोघी श्वास मोजत बसायचो. आम्ही जेवायचो हातोडा परत आल्यावर. इतकी वर्षं झाली, अजूनही मला साडेबाराला भूक लागत नाही.

तिचं एक हत्यार होतं. आगकाडीच्या टोकाला तिनं स्वतःच्या पापणीचा गळलेला केस चिकटवला होता. फायबरच्या टोकावर कण बसला की त्या केसानं ती तो उचलायची. बंगळूरहून आलेल्या एका प्राध्यापकांनी ते पाहिलं आणि आम्हाला परदेशी बनावटीचा महागडा चिमटा पाठवून दिला. आक्कानं चिमटा दोनदा वापरून पाहिला, नीट पुसून पेटीत ठेवला आणि परत आगकाडी घेतली. चिमटा घट्ट धरतो, म्हणाली, आणि इथं धरायचं नसतंय.

स्वच्छतेचं तिचं वेड मात्र सगळ्यांना जाचायचं. केसांना तेल नाही, अंगाला पावडर नाही, लोकरीचा स्वेटर नाही. आठवडाभर ती गणेशपूरला खोली घेऊन राहायची, शनिवारी बोरगावला जायची. सोमवारी पहाटेच्या बसनं येऊन आधी खोलीवर उतरायची, डोक्यावरून अंघोळ करायची, गावचे कपडे बादलीत भिजवायची आणि इथले वेगळे कपडे घालून कामावर यायची. घरात तंबाखू असते, तिचा कण आपल्या अंगावरून येता कामा नये, म्हणून. मला हे माहीत होतं. एकदा सोमवारी मी तिच्या खोलीवर गेले होते, तेव्हा ओल्या केसांनी तिनं दार उघडलं होतं आणि बादलीत भिजवलेली साडी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. मला माहीत होतं हे इथंच लिहून ठेवते, कारण पुढं मी जे केलं ते माहीत नसल्यामुळं केलं नाही.

आता माझं एक सांगते. आम्ही खानापूर तालुक्यातले शेतकरी, कुलदैवत खंडोबा. मी महत्त्वाच्या कामाला निघाले की आई उंबऱ्यात थांबवून कपाळाला भंडारा लावते, म्हणजे देवाची हळद. पहिल्यांदा मी तशी प्रयोगशाळेत आले तेव्हा आक्का माझ्या कपाळाकडे बघत राहिली. मी वरमून रुमाल काढला. ती म्हणाली, "पुसू नगंस. आईनं लावलाय न्हवं? टोपी खाली वढ नुसती." आणि माझी कापडी टोपी भुवयांपर्यंत ओढून तिनं तिला बाजूनं चिकटपट्टी लावली. मी दिवसभर तशी चोरासारखी वावरले. पुढं ती रीतच झाली.

खंडेनवमीच्या पूजेचंही तसंच. आमच्या भागात त्या दिवशी वर्कशॉपातल्या लेथपासून ऑफिसातल्या संगणकापर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा पडतात. आक्का बौद्ध, तिच्या घरी पूजा नाही, पण आमच्या प्रयोगशाळेच्या पूजेची तयारी तीच करायची. उंबऱ्याबाहेर पाट मांडायची, त्यावर एक जुना बिघडलेला सूक्ष्मदर्शक ठेवायची, त्याला हार, त्याला हळदकुंकू. आतल्या यंत्रांना नमस्कार दारातून. देसाई सरांना ही व्यवस्था इतकी आवडली होती की ते त्या मोडक्या सूक्ष्मदर्शकाला 'उत्सवमूर्ती' म्हणायचे.

तिची आई एकदा आमच्याकडे आली होती. आक्कानं तिला अंघोळ घालून, धुवट लुगडं नेसवून आणलं आणि तरी दाराच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. चांगला सूक्ष्मदर्शकच उचलून बाहेरच्या खोलीत आणला आणि आईला नथ दाखवली. म्हातारीनं बराच वेळ डोळा लावला. मग सरळ झाली, स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लई बारीक वळलंयस." आक्का त्या दिवशी हातोडा वाजत असतानासुद्धा गुणगुणत होती.

देसाई सर निवृत्त झाले आणि प्रकल्प माझ्याकडे आला. तोवर माझी पीएचडी झाली होती, मी त्याच कॉलेजात नोकरीला लागले होते आणि खोटं कशाला बोलू, थोडी हवा डोक्यात गेली होती. त्याच वर्षी आमच्या प्रयोगशाळेला कायम तंत्रज्ञाची एक जागा मिळायची होती. बंगळूरहून तपासणी समिती येणार, काम पाहणार आणि तिचा अहवाल चांगला आला की जागा भरायची. ती जागा आक्काची, हे सगळे धरून चालले होते. तिच्या वयाची अट संपायला एकच वर्ष उरलं होतं. अकरा वर्षं दर जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा सही, पुन्हा वाट बघणं, असं तिचं चाललं होतं. तिनं मला फक्त एकदा विचारलं होतं, समिती नथ घालताना बघणार की घातलेली बघणार? मी म्हटलं, घालताना. ती म्हणाली, मग बरं.

दसऱ्याला त्यांच्या वस्तीत धम्मदिनाचा कार्यक्रम होता. तीन दिवसांची रजा घेऊन ती गावाला गेली. जाताना पाट आणि उत्सवमूर्ती दाराशी काढून ठेवली आणि मला म्हणाली, पूजा भायेर. मी हो म्हटलं.

खंडेनवमीला आई आली. गावाकडच्या देवाचा खास भंडारा घेऊन आली होती. दाराबाहेरचा तो मोडका सूक्ष्मदर्शक बघून तिला वाईट वाटलं. लेक प्रमुख झाली आणि पूजा मोडक्या यंत्राची, असं म्हणाली. मलाही त्या क्षणी तसंच वाटलं. माझी प्रयोगशाळा, माझं यंत्र. मी दार उघडलं. आईनं चांगल्या सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू लावलं, त्याखालच्या सरकत्या टेबलाच्या स्क्रूंना झेंडू बांधले आणि येळकोट म्हणून दोन चिमटी भंडारा उधळला. फार सुंदर दिसत होतं. मी फोटो काढून विभागातल्या सगळ्यांना पाठवले. मग ओल्या फडक्यानं सगळं पुसून घेतलं. माझ्या डोळ्याला काही शिल्लक दिसलं नाही.

आक्का परत आली. टेबलाचा स्क्रू एकदा फिरवला, बोटाकडे बघितलं आणि विचारलं, "आत केलीस पूजा?"

आवाज चढलेला नव्हता. रोज विचारायची तसंच तिनं विचारलं. पण मला चोरी पकडल्यासारखं झालं आणि मी म्हटलं, "केली. तुमच्यात चालत नसंल, आमच्यात चालतंय."

हे वाक्य मी बोलले. कुणाच्या सांगण्यावरून नाही, रागाच्या भरातही नाही. जिनं माझा भंडारा पुसू दिला नव्हता, जी अकरा वर्षं आमच्या पूजेचा पाट मांडत होती, तिला मी हे म्हणाले. आक्कानं बोट फडक्याला पुसलं. मग म्हणाली, "बरं, मॅडम." त्या दिवसापासून मी मॅडम झाले.

नथी फाटायला लागल्या. दहातल्या सात, कधी आठ. आक्का स्क्रूच्या खाचा चिकटपट्टीनं साफ करायची, पापणीच्या केसानं टोकं झाडायची, तोंडातून शब्द काढायची नाही. मी आपली गोंद बदल, दिवा बदल, चिपवाल्यांना दोष दे. आणि मग एक दिवस मी नथींच्या नोंदींची वही उघडून बघितली आणि मला शोध लागला. दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत सगळं ठीक होतं. आक्का गावाहून आली आणि फाटायला सुरुवात झाली. तीन दिवस तंबाखूच्या घरात राहून आलेली आक्का. इतकं सरळ दिसत होतं की मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं. त्याच सुट्टीत मी काय केलं होतं, हे त्या वहीत नव्हतं आणि माझ्या मनातही आलं नाही.

समिती आली. तीन माणसं, पांढरे कोट घालून, टोप्या घालून. हातोडा जेवायला गेला आणि आक्का बसली. पाच नथी घातल्या, चार फाटल्या. समितीतल्या ज्येष्ठ बाईंनी मला कारण विचारलं. आक्का चिपचा ट्रे घेऊन माझ्या शेजारी उभी होती. मी इंग्रजीत सांगितलं की आमच्या सहायक निपाणी भागातल्या आहेत, घरी विड्यांचं काम चालतं, तंबाखूची धूळ त्यांच्या कपड्यांवरून येते असा आमचा अंदाज आहे, आणि आम्ही त्यावर उपाय करतो आहोत. इंग्रजीत बोलल्यामुळं तिला कळणार नाही असं मी धरून चालले होते. 'टोबॅको' आणि 'निपाणी' कळायला इंग्रजी कशाला लागतं? तिन्ही माणसांनी मान डोलावली. एकानं तिच्या बाहीकडे बघितलं. आक्कानं ट्रे टेबलावर ठेवला, आवाज न होऊ देता, आणि टेबलापासून दोन पावलं मागं जाऊन उभी राहिली.

पुढचं सगळं रीतसर झालं. तिला पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथं ती मुलांना लोलक आणि भिंगं काढून द्यायची. समितीला माझं कारण पटलं, कायम जागा मंजूर झाली आणि तिच्यावर दुसराच एक माणूस आला. तिचं जूनचं कंत्राट कुणी पुढं वाढवलं नाही, आणि मीही कुणाला जाऊन सांगितलं नाही. मध्यंतरी बंगळूरचा एक मेकॅनिक येऊन सरकतं टेबल पूर्ण खोलून, धुऊन, जोडून गेला. नथी पुन्हा नीट बसायला लागल्या. मी म्हटलं, बघा. मी दारावर पाटीही लावली, की तंबाखूशी संबंध असलेल्यांनी आत येऊ नये. पुढच्या वर्षी नवी काचेची खोली झाली. तिच्यात पूजेला जागाच नव्हती, म्हणून खंडेनवमी उंबऱ्याबाहेर उरकली. मला त्यातही काही दिसलं नाही.

जायच्या दिवशी आक्का माझ्या केबिनमध्ये आली होती. हातात एक लाकडी डबा. त्यात तिनं घातलेल्या नथींचे नमुने, चांगले आणि फाटलेले, काळ्या कागदात गुंडाळून, तारखा घालून खणाखणांत ठेवलेले. डबा टेबलावर ठेवून ती म्हणाली, "अंधारात ठेवा. आणि कवातरी उघडून बघा, मॅडम." मी फोनवर होते. मान हलवली.

तो डबा मी सहा वर्षांनी उघडला, गेल्या पावसाळ्यात. नवा सूक्ष्मदर्शक आला होता, जांभळ्या उजेडाचा. एखादी गोष्ट त्या उजेडात स्वतः चमकते का ते त्यात दिसतं. तपासायला जुने नमुने हवे होते. दुपारची वेळ, पडदे ओढलेले, खोलीत मी एकटी. पहिला चांगला नमुना ठेवला. काळोख. दुसरा, काळोख. मग दसऱ्यानंतरचा एक फाटका ठेवला, तर गोंदाच्या आत, जाळी फाटली होती बरोबर त्या जागी, पिवळा हिरवट ठिपका पेटलेला. दुसऱ्या फाटक्यात दोन. तिसऱ्यात एक. मी स्वयंपाकघरात वाढलेली बाई आहे, मला तो रंग ओळखू आला. तरी खात्री करायची म्हणून पर्समधली आईची पुडी काढली, काचपट्टीवर गोंदाच्या थेंबात चिमूटभर भंडारा घातला आणि बघितला. तोच रंग.

मग मी डब्याचं झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला आक्काच्या बारीक अक्षरात प्रत्येक खणाचा शेरा होता. बरी. बरी. फाटली, हात हलला माझा. फाटली, हातोडा लवकर आला. बरी. आणि दसऱ्यानंतरच्या खणांपुढं एकच शब्द, ओळीनं खालपर्यंत: हळद. हळद. हळद. तिच्याकडे असला सूक्ष्मदर्शक नव्हता, होती ती पापणीच्या केसाची आगकाडी. कण उचलून तिनं बघितला असणार, आणि लिहून ठेवलं. उजेडात हळदीचा रंग उडतो, म्हणून डबा अंधारात ठेवायला सांगून गेली होती. तिनं मला खोडून काढलं नाही, समितीसमोर वाद घातला नाही. बोलली असती तर मी काय म्हणाले असते ते तिला एकदा ऐकवून झालंच होतं.

मी पाटी काढली. ती काढून काही होत नाही हेही कळत होतं. मला लाज वाटते, अजून वाटते. माझी बढती, माझे शोधनिबंध, त्या समितीनं पुढं मला दिलेला दुसरा प्रकल्प, हे सगळं त्या एका इंग्रजी वाक्यावर उभं आहे. रात्री झोप लागत नाही वगैरे म्हणणार नाही. झोप लागते. पण साडेबाराला हातोडा थांबला की मी अजून तिचं 'चल' ऐकायला थांबते.

बोरगावात विचारलं तर कळलं, आई गेली, आक्का निपाणीत असते, घराघरांत इंटरनेट देणाऱ्या एका केबलवाल्याकडे पुन्हा फायबर जोडते. रविवारी मी निघाले. कुठं जातेस म्हणून आईनं विचारलं. मी म्हटलं, माफी मागायला. आईला सगळं सांगून झालं होतं. उंबऱ्यात तिनं मला थांबवलं आणि नेहमीसारखं करून पाठवलं.

निपाणीत बसस्टँडमागच्या एका बोळात, विजेच्या खांबाखाली, आक्का प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती. खांबाला छत्री बांधलेली. पुढ्यात जोडयंत्र, मांडीवर स्वच्छ पांढरं फडकं. केस बरेच पिकले होते. मी गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि तिनं वर न बघता डावा हात मागं केला. तळहात उभा. रस्त्यानं जाणाऱ्या दोन सायकलीही थांबल्या. त्या बोळाला सवय असावी. ठिणगी पडली, जोड बसला, हात खाली आला. मग तिनं मला बघितलं.

"मॅडम," म्हणाली. "कधी आलासा?"

समोरच्या टपरीवरून तिनं चहा मागवला. मी उभ्या उभ्याच सांगितलं. डबा, पिवळे ठिपके, झाकण, सगळं. माझं चुकलं, आक्का, असं म्हटलं. ऐकता ऐकता तिनं चहा संपवला, कप स्टुलाखाली ठेवला.

"मला ठावं हुतं की," ती म्हणाली. "मला सांगून काय उपेग? ज्यांच्यासमोर बोललासा त्यांस्नी सांगा."

त्याचं काय झालं ते इथंच सांगून टाकते. मी तिघांना पत्रं लिहिली, इंग्रजीत, नमुन्यांच्या फोटोंसकट, तिचं पूर्ण नाव घालून. एकाचं पत्र पत्ता बदलल्यामुळं परत आलं. एकानं कळवलं की मुद्दा रोचक आहे, पण तो प्रकल्प आता बंद झाला आहे. त्या ज्येष्ठ बाईंनी फोन केला. त्या सहायक आता कुठं आहेत, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. जागा काही परत आली नाही. वयाची अट केव्हाच ओलांडून गेली होती. कॉलेजात तर मला समजावण्यात आलं की जुनी गोष्ट उकरून काय मिळणार. म्हणून मग हे मराठीत लिहिते आहे, बोरगावापासून बंगळूरपर्यंत जे वाचतील त्यांच्यासमोर.

त्या दिवशी मी निघायला हवं होतं, पण पाय निघेना. आक्कानं पुढची तार घेतली, सोलली, फडक्यानं पुसली, कापल्याची टिक ऐकू यावी म्हणून कानाजवळ धरून कापली. तीच बोटं, तोच अंगठा. ते टोक बघायला मी सवयीनं वाकले, अगदी तिच्या खांद्यापर्यंत.

"मागं सरा जरा, मॅडम," ती म्हणाली. "कपाळाला भंडारा हाय तुमच्या."

मी घाईघाईनं हात कपाळाकडे नेला.

"पुसू नका," आक्का म्हणाली. तिची नजर तारेवरून हलली नव्हती. "नुसतं मागं सरा."

मी दोन पावलं मागं सरले आणि श्वास धरून उभी राहिले.